गावची नळपाणी योजना: अंदाजपत्रकाआधी उद्दिष्ट कसं ठरवायचं

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर पहिल्यांदाच आलेल्या सदस्यापुढे बहुतेक वेळा तयार कागद ठेवला जातो. विहीर इतकी खोल, टाकी इतक्या हजार लिटरची, पाइपलाइन इतके मीटर. वाचा आणि सही करा. त्या कागदातली बेरीज-वजाबाकी बरोबरही असते. पण कोणत्या घरी, किती पाणी, किती वाजता, कोणत्या महिन्यापर्यंत आणि कुणाच्या पैशाने येणार, हे गावाने ठरवलेलं नसेल, तर त्या टाकीचा आकार कशावरून काढला हे कुणालाच सांगता येत नाही. मग योजना पूर्ण होते, उद्घाटन होतं आणि मे महिन्यात गावाच्या वेशीवर पुन्हा टँकर उभा राहतो.

हा लेख अशा नव्या सदस्यांसाठी, पहिल्यांदा निवडून आलेल्या सरपंचांसाठी आणि गावात काम सुरू केलेल्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. सरकारी चौकट थोडक्यात सांगून पुढे जातो. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलं आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. समितीत निम्म्या महिला असाव्यात, गावातल्या दुर्बल घटकांना जागा असाव्यात, हे मार्गदर्शक सूचनांत आहे. ५५ लिटर हा आकडा वरून आला आहे. तुमच्या गावात त्याचा अर्थ काय, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल.

पायरी पहिली: पाण्याच्या मागे चालत जा

संबंधित लोकांची यादी कार्यालयात बसून करू नका. तिथे केलेली यादी म्हणजे सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, बचत गटाच्या अध्यक्षा आणि नेहमी बोलणारी पाच-सहा माणसं. त्याऐवजी पाणी सुटायच्या दिवशी सकाळी विहिरीपासून निघा आणि पाइपलाइन धरून शेवटच्या नळापर्यंत चाला. वाटेत प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे पाणी आलं, गेलं किंवा बंद झालं, तर कुणाचं काय बदलतं?

विहिरीपाशीच पहिला माणूस भेटेल, शेजारच्या रानाचा मालक. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याप्रमाणे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. म्हणजे तुम्ही सार्वजनिक विहिरीची जागा ठरवता, त्याच क्षणी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या बोअरवर मर्यादा येते. त्यांना हे आधी कळलं नाही, तर ते नंतर कळेल आणि तेव्हा काम अडेल.

मग जागा देणारा. विहिरीला किंवा टाकीला गुंठा-दोन गुंठे देणाऱ्या माणसाला कुणीतरी तोंडी काहीतरी कबूल केलेलं असतं: मोफत नळ, रानातल्या हौदाला एक जोड, नाहीतर मुलाला पाणी सोडायचं काम. ते काय आहे हे बक्षीसपत्र होण्याआधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. मान्य असेल तर लिहा, नसेल तर नाही म्हणा.

पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला अर्धा दिवस द्या. कोणत्या आळीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की वर पाणी चढतं, मोटार कधी जळते, गळती कुठे आहे आणि कुणाच्या दाराशी टिल्लू पंप (नळाचं पाणी ओढून घेणारी छोटी मोटार) लावला जातो, हे त्याला पाठ असतं. समितीच्या बैठकीत तो दाराशी उभा असतो, त्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते संपूर्ण गावात सगळ्यात उपयोगी माहिती त्याच्याकडे असते.

पुढे वाडी-वस्तीवर जा, कारण गळती बहुतेक तिथेच होते, माणसांची गळती. घरांची संख्या बहुतेकदा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीवरून घेतात. गायरानावरची वस्ती, नुकतीच वेगळी राहायला लागलेली भावंडं, रानात राहणारी कुटुंबं त्या नोंदवहीत नसतात किंवा एकाच नावाखाली असतात. तिथे दारोदार मोजा. ऊसतोडीला जाणारं गाव असेल, तर दिवाळीच्या सुमाराला निम्मी घरं कुलूपबंद होतात ती मार्च-एप्रिलपर्यंत. हिवाळ्यात केलेल्या पाहणीत ही माणसं दिसतच नाहीत, आणि ती परततात नेमकी पाण्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात. बीडकडच्या गावांत हे विसरून चालणारच नाही.

शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, जनावरं यांचीही नोंद घ्या. आणि टँकरवाला, खासगी बोअरचं पाणी विकणारा यांनाही यादीत धरा. योजना चालली तर त्यांचं उत्पन्न जातं. त्यांच्याशी शत्रुत्व नको, पण त्यांचा सल्ला कुठून येतोय हे ओळखता आलं पाहिजे.

पायरी दुसरी: मागणी ऐका, पण गरज शोधा

नव्या माणसाची खरी परीक्षा इथे आहे. लोक गरज सांगत नाहीत, उपाय सांगतात. टाकी पाहिजे, बोअर पाहिजे, मोठी मोटार पाहिजे. ते साहजिक आहे. गावाला आजवर वस्तूच मिळत आल्या आहेत, म्हणून वस्तूच मागितल्या जातात. या मागण्या तशाच लिहून घेऊन त्यांची बेरीज केली, तर तयार होते ती खरेदीची यादी.

म्हणून ‘काय पाहिजे?’ हा प्रश्नच टाळा. कालच्या दिवसाबद्दल विचारा. काल पाणी कुठून आणलं? किती खेपा झाल्या? कुणी आणलं? किती वाजता? कालचं आठवून सांगताना माणूस अंदाज ठोकत नाही.

वरच्या आळीत होणारं बोलणं साधारण असं असतं.

“टाकी द्या की आमच्या आळीला.”

“मावशी, काल नळाला पाणी आलं होतं?”

“आलं की. अकराला आलं.”

“मग भरलं का?”

“कोण भरणार? आम्ही साडेआठलाच खुरपायला जातो. सासूबाईंना हंडा उचलत नाही. पोरगी शाळेतनं थांबली काल.”

चार वाक्यांत सगळं आलं. या घराला टाकी नको आहे, सकाळी आठच्या आत पाणी हवं आहे. अकराला पाणी का येतं, याचा माग काढला तर तो बऱ्याचदा विजेपर्यंत जातो. विहीर रानात, मोटार शेतीपंपाच्या फीडरवर (वीजवाहिनीवर), त्या फीडरला वीज मर्यादित तास आणि आठवड्यागणिक वेळ बदलून, कधी दिवसा कधी रात्री. गावात दुसरी टाकी बांधून हा प्रश्न सुटेलच असं नाही. गावठाण फीडरवरून मोटारीला जोडणी मिळते का, किंवा सौरपंपावर दिवसा टाकी भरून ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सोडता येतं का, हे बघावं लागेल. म्हणजे संबंधितांच्या यादीत महावितरणचं स्थानिक कार्यालयही आलं. आणि शाळेतून थांबलेली मुलगी ही नोंदही लिहा, ती पुढे उद्दिष्टात उतरवायची आहे.

महिलांशी बोलायला महिला सभा आहेच. ग्रामसभेआधी ती घ्यायची असते आणि ती घ्याच. पण देवळाच्या सभामंडपात, पुढच्या रांगेत दीर-सासरे बसलेले असताना जे बोललं जातं आणि हातपंपावर नंबर लावून उभं असताना जे बोललं जातं, त्यात खूप अंतर आहे. तुम्ही हातपंपावर जा. कार्यकर्ता पुरुष असेल तर सोबत गावातली आशाताई किंवा अंगणवाडीताई असू द्या.

काही भागांत गरज प्रमाणाची नसतेच. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं असं धरलं आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. अशा गावात ‘माणशी ५५ लिटर’ हे उद्दिष्ट लिहून काम सुरू केलं, तर नळ धो-धो वाहतील आणि लोक प्यायला वीस लिटरचे जार विकत घेतील. बोलण्यात ‘या पाण्यात डाळ शिजत नाही’, ‘दात पिवळे पडतात’ असं काही आलं, की आधी नमुना प्रयोगशाळेत पाठवा, बाकी सगळं मागाहून.

पायरी तिसरी: गरज मोजता येईल अशी करा

‘भरपूर पाणी’, ‘मुबलक पाणी’ हे शब्द उद्दिष्टात नकोत. भाषणात चालतील.

मोजायला मोठं यंत्र लागत नाही. वीस लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. हिशेब असा: पाच माणसांचं घर, माणशी ५५, म्हणजे २७५ लिटर. पाणी रोज एक तास सुटणार असेल, तर त्या नळाखाली वीस लिटरची बादली साधारण सव्वाचार मिनिटांत भरली पाहिजे. नऊ मिनिटं लागत असतील तर तासाभरात मिळतात १३३ लिटर, म्हणजे माणशी जेमतेम २७. ही मोजणी तीन ठिकाणी करा: टाकीजवळच्या घरी, उंचावरच्या घरी आणि ओळीतल्या शेवटच्या घरी. ती करताना गल्लीतल्या बायका-मुलांना भोवती उभं राहू द्या, वेळ त्यांनाच मोजू द्या. दहा मिनिटांत सगळ्या गल्लीला कळतं की आपल्याला नेमकं किती कमी मिळतं, आणि त्यानंतर सभेत ‘आमच्याकडे पाणीच नाही’ याऐवजी ‘आमच्याकडे बादलीला नऊ मिनिटं लागतात’ असं बोललं जातं. या दुसऱ्या वाक्यावर अभियंत्याला काम करता येतं.

पाणी दिवसाआड येणार असेल तर तेही उघडपणे मांडा. त्याच घराला ५५० लिटर साठवून ठेवावे लागतील, म्हणजे दोनशे लिटरचे जवळपास तीन पिंप. ज्या घरात झोपायलाच जागा नाही, तिथे ते कुठे ठेवायचे? ‘पाणी मिळालं’ आणि ‘पाणी वापरता आलं’ यांतला हा फरक फक्त वाडीवरच्या घरात उभं राहून दिसतो.

जनावरांचंही मोजा. १,२०० लोकवस्तीच्या गावाला माणशी ५५ प्रमाणे रोज ६६,००० लिटर लागतात. त्याच गावात १५० दुभती जनावरं असतील आणि प्रत्येकी ६० लिटर धरले, तर आणखी ९,००० लिटर. ५५ लिटरमध्ये गोठा धरलेला नाही. तुम्ही तो हिशेबात घेतला नाही, तरी लोक नळाचं पाणी गोठ्यात नेणारच आणि शेवटच्या घराचं पाणी तितकं कमी होणार.

पायरी चौथी: जिथे गरजा एकमेकींना आडव्या जातात

इथवर सगळ्यांचं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं. आता अवघड भाग येतो, कारण सगळ्यांना सगळं देता येत नाही आणि बहुतेक समित्या इथेच गप्प बसतात. गप्प बसलं की निर्णय आपोआप होतो: ज्याचं घर टाकीजवळ, ज्याची मोटार मोठी, त्याला पाणी.

हा गुंता महाराष्ट्रात पूर्वी सोडवून दाखवलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. शेतीला पाणी कुणाला द्यायचं हा प्रश्न होता, आणि नेहमीचं उत्तर होतं, ज्याची जमीन जास्त त्याला. पाणी पंचायतीने माप बदललं. पाणी जमिनीच्या एकरावर न देता घरातल्या माणसांवर दिलं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क धरला. उसाला बंदी केली. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, असा नियम केला. नव्या माणसाने यातून घ्यायची गोष्ट अशी की हे नियम उद्दिष्टाचाच भाग होते. ‘सर्वांना पाणी’ एवढंच लिहिलं असतं, तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि पाणी उसालाच गेलं असतं.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दुसरी वाट दाखवली. तिथे गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक मांडतात: पाऊस किती झाला, त्यातून किती पाणी हाती आहे, त्यातलं माणसांना आणि जनावरांना प्यायला किती बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस आणि केळीसारख्या पिकांना नकार. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हे झालं हे खरं, पण ते टिकलं कारण ग्रामसभेत आकडे समोर ठेवून भांडता येत होतं.

तुमच्या गावातले वाद लहान असतील: टिल्लू पंप लावायचे की नाही, गोठ्याला नळ द्यायचा का, वरच्या आळीला आधी सोडायचं की खालच्या. प्रत्येक वादाला वहीत एक पान द्या. कुणाला काय हवं, कुणाचं काय जातं, आणि काय ठरलं. मत विचारायचा क्रमही ठरवा. ज्याला आज सगळ्यात कमी मिळतं त्याला आधी बोलू द्या. सरपंच आधी बोलले की बाकीच्यांचं बोलणं तिथेच संपतं.

पायरी पाचवी: उद्दिष्ट लिहा

कितीतरी प्रस्तावांत असलं वाक्य सापडतं: ‘गावास शुद्ध व मुबलक पाणीपुरवठा करणेकामी नळपाणीपुरवठा योजना राबविणे.’ यात योजना फसली हे सिद्ध करायला काहीच नाही. त्याऐवजी वरच्या उदाहरणातल्या गावासाठी असं लिहिता येईल:

‘गावठाण, वरची आळी आणि दोन्ही वस्त्या मिळून २४० घरांना वर्षाचे बाराही महिने, दररोज सकाळी ६ ते ८ च्या दरम्यान किमान एक तास नळाला पाणी मिळेल. शेवटच्या घरीही वीस लिटरची बादली सव्वाचार मिनिटांत भरेल. पाण्याची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर होईल आणि निकाल चावडीवर लावला जाईल. पाण्यासाठी कोणतीही मुलगी शाळेतून घरी राहणार नाही. गोठ्यांसाठी वेगळा हौद असेल, घरच्या नळावर टिल्लू पंप चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर लागणार नाही.’

यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुणाचा तरी चेहरा आहे: मजुरीला जाणारी मावशी, शेवटचं घर, गोठेवाला, ऊसतोडीवरून परतलेलं कुटुंब. लिहून झालं की उलट तपासा. पहिल्या पायरीतली यादी काढा आणि प्रत्येक माणसापुढे उद्दिष्टातलं त्याचं वाक्य लिहा. ज्याच्यापुढे काहीच येत नाही, तो एकतर विसरला गेला आहे किंवा त्याची मागणी गावाने नाकारली आहे. नाकारली असेल तर तसं स्पष्ट लिहा. ‘या योजनेत शेतीला पाणी दिलं जाणार नाही’ हे एक वाक्य पुढची पाच वर्षांची भांडणं वाचवतं.

आता अभियंत्याकडे जा. स्रोताला हे पाणी मे महिन्यात झेपतं का, यावर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मत घ्या. नाही झेपलं तर उद्दिष्ट गुपचूप कमी करू नका. विहिरीच्या वरच्या अंगाला पाणी जिरवण्याचं काम आधी घ्यायचं, दुसरा स्रोत शोधायचा की पाण्याचं प्रमाण बदलायचं, हे पुन्हा लोकांसमोर मांडा.

पायरी सहावी: पाणीपट्टी उद्दिष्टातच धरा

हे मागे ठेवलं की योजना वीजबिलावर मरते. उदाहरणादाखल धरा: महिन्याचं वीजबिल १८,००० रुपये, कर्मचाऱ्याचं मानधन १०,०००, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची) पावडर १,०००, दुरुस्तीसाठी ५,०००. एकूण ३४,०००, वर्षाला ४,०८,०००. २४० घरांत वाटले तर घरटी वर्षाला १,७०० रुपये. आजची तुमच्या गावची पाणीपट्टी याच्याशेजारी लिहा आणि दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचा.

कोण भरू शकत नाही, हेही त्याच सभेत ठरवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सूट द्यायची तर ती रक्कम कोण उचलणार? लोक पैसे द्यायला तयार नसतात असं सरसकट म्हटलं जातं, मला ते पटत नाही. जारला रोज पैसे मोजणारं घर भरवशाच्या नळालाही पैसे देतं. बेभरवशाच्या नळाला मात्र देत नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

पायरी सातवी: ठराव, आणि ताबा घेताना

ग्रामसभेची तारीख निवडताना १ मेचा विचार करा. ऊसतोडीची माणसं गावात असतात आणि टंचाई डोळ्यांसमोर असते. उद्दिष्टातलं एकेक वाक्य वाचून दाखवा, त्यावर हरकती घ्या, आणि ते ठरावात जसंच्या तसं उतरवा. ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर भागवू नका. ठरावाची प्रत अंदाजपत्रकाला जोडा आणि ठेकेदारालाही द्या.

काम पूर्ण झाल्यावर योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते. तेव्हा सहीची घाई होते, कारण सगळ्यांनाच आकडा पूर्ण दाखवायचा असतो. सहीआधी बादली आणि घड्याळ घेऊन त्याच तीन घरी पुन्हा जा. पावसाळ्यानंतर चाचणी झाली असेल, तर विहीर तेव्हा भरलेलीच असते. एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोजणी करायची आणि तोवर दोषदुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर राहील अशी अट करारात आहे का, हे निविदा निघायच्या आधी बघून ठेवा. मोजणीचा कागद तयार करा: घर, तारीख, वेळ, बादलीला लागलेली मिनिटं, आणि त्या घरातल्या बाईची सही. हा कागद ठरावाच्या फाइलमध्ये लावा, आणि दर उन्हाळ्यात त्याच घरांची मोजणी करून त्याखाली एकेक ओळ वाढवत जा.